पारोळ्यावरून अमळनेरला वळा: गिरणीगाव म्हणून अमळनेर कसं पाहावं?

बोरीकाठची

नाशिक-धुळ्याकडून जळगावला गाडीने जाणारी मंडळी पारोळ्याला चहा घेतात आणि सरळ एरंडोलकडे निघतात. तिथून वीसेक किलोमीटर आत वळलं की अमळनेर. खानदेशातल्या उद्योगाचा इतिहास एकाच गावात पायी फिरून पाहायचा असेल तर तो इथे दिसतो, असं माझं ठाम मत आहे. येत्या हिवाळ्यात मुलगा, सून, नातवंडं येताहेत. मंगळ ग्रह मंदिर आणि सखाराम महाराजांची समाधी तर ते पाहतीलच. मला त्यांना गिरणीगाव दाखवायचं आहे, म्हणून हा धागा.

हे मनात पक्कं बसलं ते स्कॉटलंडमधलं न्यू लॅनार्क हे जुनं गिरणीगाव पाहिल्यावर. मुलगा ग्लासगोला असतो. तिथून दक्षिणेला इंग्लंडकडे जाताना मोठा रस्ता सोडून थोडं आत गेलं की हे गाव लागतं. गाडी वर लावायची आणि उतारावरून चालत खाली नदीकाठी जायचं. क्लाइड नदीचे धबधबे जवळच आहेत आणि त्या पाण्यावरच गिरण्या चालायच्या. डेव्हिड डेल नावाच्या व्यापाऱ्याने सूतकताईच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या रिचर्ड आर्कराइटला सोबत घेऊन जागा निवडली, आणि 1786 साली तिथे कापसाचं सूत निघू लागलं. 1800 पासून डेलचा जावई रॉबर्ट ओवेन कारभार पाहू लागला. त्याने दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणं बंद केलं, 1816 साली त्यांच्यासाठी शाळा उघडली आणि गावाचं दुकान असं चालवलं की चांगला माल रास्त भावात मिळावा आणि नफा शाळेला जावा. प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ लाकडाचा एक चौकोनी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना चार रंग: काळा, निळा, पिवळा, पांढरा. आदल्या दिवशीचं काम वाईट असेल तर काळी बाजू पुढे, उत्तम असेल तर पांढरी. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. पण सगळ्यांसमोर टांगलेला तो रंग माणसाला काय वाटायला लावत असेल, याचा विचार मी बराच वेळ करत होते.

गिरणी 1968 साली बंद पडली. गाव ओस पडू लागलं, इमारती पाडायची भाषा सुरू झाली. मग 1970 च्या दशकात एक न्यास उभा राहिला आणि एकेक इमारत दुरुस्त होत गेली. 2001 साली युनेस्कोने गावाला जागतिक वारसा म्हटलं. आज एका गिरणीत हॉटेल आहे. दुसरीत सूत काढायचं जुन्या घडणीचं यंत्र चालू ठेवलंय, त्यावर लोकरीचं सूत निघतं आणि ते तिथल्याच दुकानात विकतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कामगारांच्या जुन्या घरांमध्ये आजही कुटुंबं राहतात. खिडकीत कुंड्या होत्या, दोरीवर कपडे वाळत होते.

आता अमळनेर बघा. मोतीलाल माणेकचंद ऊर्फ श्रीमंत प्रताप शेठ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे प्रताप मिल उभी केली. त्याच पैशातून 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर झालं. भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला वाहिलेली, पगार देऊन अभ्यासक पोसणारी संस्था, तीही एका तालुक्याच्या गावात! कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ इथे संचालक होते. पुढे 1945 साली प्रताप महाविद्यालय आलं. साने गुरुजी आधी तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले, मग 1924 ते 1930 प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि मुलांचं छात्रालय सांभाळू लागले. गिरणी, शाळा आणि विचार करायची जागा एका गावात, एका माणसाच्या धनातून. ओवेनचं गाव बघताना मला सारखं आपलं गाव दिसत होतं.

माझे प्रश्न असे: कुठून सुरुवात करावी, काय पाहता येतं, आणि गिरणीत काम केलेलं कोणी नातवंडांशी दोन शब्द बोलेल का?

पारोळा नाका

ताई, पहिलं म्हणजे अर्धा दिवस तरी ठेवा. सकाळी धुळ्याहून निघालात तर दहाच्या आत अमळनेर. रेल्वेने येणाऱ्यांसाठी सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेर स्टेशन आहेच, पण तुम्ही गाडीने येताय ते बरं, आजूबाजूला फिरता येतं.

क्रम माझ्या मते असा ठेवा: आधी तत्त्वज्ञान मंदिर, कारण सकाळी तिथे शांतता असते. मग प्रताप महाविद्यालयाचं आवार. 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी 2024 मध्ये याच आवारात भरलं होतं. त्याआधी 1952 साली कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष असतानाचं संमेलनही अमळनेरलाच झालं होतं, हे नातवंडांना जरूर सांगा. लहान गावाने दोनदा संमेलन पेललं आहे. मिलचा परिसर शेवटी. आत जाता येईल असं धरून चालू नका, गेटवर विचारा, परवानगी मिळाली तर उत्तम. फोटो काढण्याआधीही विचारा.

जेवण हिवाळ्यात असेल तर भरीत-पुरी सोडू नका. बामणोद-भालोदकडची वांगी तेव्हा बाजारात येतात.

धोटा

ताई, तुमचं लिखाण मनापासून आवडलं. म्हणूनच थोडं लांब लिहितो.

माझे वडील खानदेशातल्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. न्यू लॅनार्कला चालू यंत्र दाखवतात हे वाचून बरं वाटलं. पण चालू यंत्र दाखवायचं तर एक नको, सगळी साखळी दाखवा. गाठ फोडून कापूस मोकळा करायचा, झाडायचा, मग पिंजून त्याचा जाडसर पेळू करायचा, तो ओढून ओढून बारीक करायचा, पीळ द्यायचा, बाबिणीवर भरायचा. तिथून पुढे ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे. ताण्याला खळ लावायची, नाहीतर मागावर सूत टिकत नाही. आणि मग माग. प्रत्येक खात्याचा आवाज वेगळा. विणकाम खात्यात तर शेजारच्याशी बोलायचं म्हणजे ओठ वाचायचे. वडील घरी हळू बोललेलं ऐकू येत नाही म्हणायचे आणि आई त्यांच्याशी हाताच्या खुणांनी बोलायची.

धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन. त्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक बारीक भोकातून बाहेर काढावं लागे. लवकर व्हावं म्हणून कामगार भोकाला तोंड लावून श्वासाने ते ओढून घेत. दिवसातून कितीतरी वेळा, आणि तोच धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या तोंडाला.

आणि धूळ. पिंजणीच्या खात्यात कापसाची बारीक धूळ हवेत उभी असते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की दम लागतो. सुटी घेऊन आलेल्या माणसाला पहिल्याच पाळीला छाती आवळल्यासारखी होते, ही त्या आजाराची खूणच आहे. वैद्यकात त्याला बिसिनोसिस म्हणतात. आमच्या वस्तीत डॉक्टरकडे जायच्या आधीच लोक ओळखायचे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की अमळनेर दाखवताना प्रताप शेठांचं दातृत्व सांगा, ते मोठंच आहे. पण त्या धनात कोणाचे श्वास मिसळलेले आहेत तेही नातवंडांना सांगा. आमच्या ओळखीत मागावर काम केलेले एक आबा आहेत. ऐकायला कमी येतं, पण बोलायला लागले की थांबत नाहीत. तुम्हाला निरोप करतो.

सरकी

धोटाभाऊंनी श्वासाचं लिहिलं, मी कापसाचं लिहिते. न्यू लॅनार्कच्या सुरुवातीच्या काळातला कापूस अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरून येत असे, म्हणजे गुलामांनी वेचलेला. ओवेनच्या शाळेत मुलं नाचगाणं शिकत होती तेव्हा ज्या शेतातून तो कापूस येत होता तिथल्या मुलांना शाळा नव्हती. हेही त्या गावाचाच भाग आहे.

आणि इथेच खानदेश गोष्टीत येतो. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि भाव कडाडले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे घाट चढून खानदेशातून पुढे निघाली. आधी बैलगाड्यांवरून घाट उतरणारा कापूस आता डब्यांतून मुंबईला जाऊ लागला. आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या हातात तेव्हा रोख पैसा खेळला आणि युद्ध संपून भाव कोसळल्यावर कर्जही त्याच्याच डोक्यावर राहिलं. कपाशीवर सगळा जीव टांगून ठेवायची सवय खानदेशाला तेव्हापासून आहे.

कापूस इथे, तर सूत आणि कापड इथेच का नको, हा विचार त्यानंतरचा. जळगावची मूळजी जेठांची खानदेश मिल 1870 च्या दशकातली. पुढे अमळनेर, धुळे, चाळीसगाव.

ताई, माझी एक मनापासूनची सूचना. डिसेंबर-जानेवारीत येताय ना? मग अमळनेर, धरणगाव, चोपडा या पट्ट्यातली एखादी चालू जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, नक्की बघा. ओळखीतून विचारलंत तर मालक सहसा नाही म्हणत नाहीत. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. कातड्याच्या रुळाला रुई चिकटून पुढे जाते, पात्याने सरकी मागे राहते आणि खाली पडते. तत्त्व तेच, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधतात, सरकी तेलाला जाते, ढेप गुरांना. काही वाया जात नाही. बाजारातले जुने लोक भाव अजून खंडीवर बोलतात, म्हणजे साधारण 356 किलो. मुलांना तोंडाला रुमाल बांधा आणि यंत्रापासून हातभर लांब उभं करा.

एरंडोलकर

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे, ते मांडतो.

न्यू लॅनार्कला लोक जातात कारण तिथे पैसे देऊन पाहणारा पर्यटक आहे, न्यास आहे, सरकारी मदत आहे. आपल्याकडे गिरणी बंद झाली की पहिला प्रश्न जमिनीचा. जळगावात खानदेश मिलच्या जागेवर आज मॉल आहे, लोक तिथे सिनेमा बघतात, खरेदी करतात. मी त्याला वाईट म्हणत नाही. शहराला ती जागा हवी होती. 1974 च्या राष्ट्रीयीकरणात चाळीसगाव आणि धुळ्याच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, तेव्हाही लोकांना वाटलं होतं की आता चालतील. अमळनेरच्या तरुणाला आज विचारा, संग्रहालय हवं की कारखाना. तो कारखाना म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. गिरणी जपायची भाषा करताना गावात आज रोजगार किती, हे आधी बोलावं असं मला वाटतं.

कळण्याची भाकर

एरंडोलकरदादा, रोजगाराचं म्हणता तर अमळनेरचीच गोष्ट घ्या. 29 डिसेंबर 1945 ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी नोंदली गेली, मोहम्मद हाशम प्रेमजींची. कारखाना अमळनेरला. आपल्या भागातला शेंगदाणा, त्याचं तेल, त्यापासून वनस्पती तूप. सोबत 787 नावाचा धुण्याचा साबण. 1966 साली वडील गेले तेव्हा 21 वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट ठेवून स्टॅनफर्डहून परत आले आणि हाच तेलातुपाचा कारभार हाती घेतला. त्याच कंपनीचं नाव पुढे विप्रो झालं. संगणकाचं काम नंतरचं.

अमळनेरच्या जुन्या लोकांनी तेव्हा घेतलेले शेअर जपून ठेवले आणि त्यावर घरं उभी राहिली, मुलं शिकली. म्हणजे गिरणीगावाने पुढचा उद्योगही पोसला. पर्यटकाला हे कोणी सांगतच नाही. बंगळुरूच्या कंपनीचा उगम अमळनेरच्या बोरी नदीच्या काठी आहे हे वाचून माझ्या पुण्याच्या मैत्रिणीचा विश्वास बसत नव्हता.

नॅरोगेज

एकदम भारी लिखं ताई, मन्हा गावनी याद उनी.

उद्योगाचं बघताय तर पाचोरा-जामनेरची पीजे विसरू नका. अडीच फुटी रुळांवरची आमची गाडी शंभर वर्षं चालली, 2020 मध्ये बंद झाली आणि आता त्या मार्गाचं रुंदीकरण व्हायचं आहे. कापूस, केळी, शाळेची पोरं, बाजारची माणसं, सगळं त्या गाडीत. जुनी छोटी स्टेशनं बघून घ्या.

उत्तरप्रकाश

मी वास्तुरचना शिकवते. एरंडोलकरांचा मुद्दा खरा आहे, पण जपणं आणि रोजगार यांत एकच निवडावं लागतं असं मला वाटत नाही.

गिरणीची शेड म्हणजे खांब कमी, मधली जागा मोकळी, छप्पर करवतीच्या दातांचं. त्या दातांची उभी बाजू उत्तरेकडे असते आणि तिथेच काच. कारण आपल्याकडे उत्तरेचा प्रकाश दिवसभर सारखा राहतो, सावल्या सरकत नाहीत, सूर्य थेट आत येत नाही. तुटलेलं सूत डोळ्याला दिसलं पाहिजे आणि खोली तापता कामा नये. खानदेशातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात हे फार मोलाचं. कोरड्या हवेत सूत जास्त तुटतं म्हणून आत पाण्याचा फवारा सोडून दमटपणा राखत. अशी शेड उद्या शिवणकामाला, पैठणीच्या मागाला, ग्रंथालयाला, कापसाच्या प्रक्रियेच्या प्रशिक्षणाला, कशालाही चालते. नव्याने बांधायला गेलात तर तेवढी उंची आणि तेवढा उजेड परवडत नाही.

न्यू लॅनार्कलाही सगळं एकदम झालं नाही. एकेक इमारत, दशकानुदशकं. मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं काम महापालिकेने हाती घेतलं, तेही टप्प्याटप्प्यानेच. आपल्या गावांना आज परवडेल असं काम म्हणजे मोजमापं घेऊन आराखडे काढणं, फोटो काढणं, यंत्रांची यादी करणं, आणि नगरपालिकेकडे वारसा इमारती म्हणून नोंद मागणं. याला कोट्यवधी लागत नाहीत. दोन हंगाम विद्यार्थी लागतात. माझे विद्यार्थी मी आणू शकते.

धोटा

ताई, आराखड्यासोबत आवाज पण नोंदवा. कोणतं खातं कुठे होतं, खळीची पिंपं कुठे, पगार कुठल्या खिडकीवर मिळायचा, बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगारांच्या जागी रोजावर घेतलेले, सकाळी कुठे उभे राहायचे, जॉबर, म्हणजे कामगार नेमणारा मुकादम, कुठून नावं पुकारायचा, हे भिंती मोजून कळणार नाही. ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्यासोबत मागाच्या दुरुस्तीची किती कला गेली, कुणीच लिहून घेतली नाही. दुरुस्तीला छन्नी कुठे लावायची हे ते आवाजावरून सांगायचे.

एरंडोलकर

उत्तरप्रकाश ताई, शेड पुन्हा कामाला लावणार असाल तर मी सोबत आहे. त्यात स्थानिक पोरांना काम मिळावं एवढी अट. जळगावच्या महाविद्यालयात शिकणारी आमच्या घरची दोन मुलं आहेत, मोजमापाला पाठवतो.

बोरीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सरकीताईंनी गुलामांच्या कापसाचं लिहिलं ते मी मुलाला वाचून दाखवलं. आम्ही गिरणीत सूत पाहिलं, कापूस कुठून आला हे कोणी विचारलं नव्हतं.

एक फरक मात्र मला राहून राहून जाणवतोय. ओवेनची शाळा गिरणीतल्या मुलांसाठी होती, गिरणीच्या हिशेबात बसणारी. तत्त्वज्ञान मंदिराचा गिरणीच्या नफ्याला काहीच उपयोग नव्हता. तरीही ते झालं आणि अजून उभं आहे. म्हणून अमळनेर नुसतं बंद गिरणीचं गाव म्हणून दाखवलं तर अर्धं राहील. नातवंडांना मी सकाळी तत्त्वज्ञान मंदिरात नेणार, दुपारी जिनिंगवर, संध्याकाळी आबांकडे.

उत्तरप्रकाश ताई, विद्यार्थी आणायचे असतील तर राहायची-जेवायची सोय आमच्या घरी करू. वरचा मजला रिकामाच असतो. जिनिंगचा हंगाम चालू असताना या, म्हणजे दोन्ही पाहून होईल. धोटाभाऊ, आबांना विचारून दिवस कळवा, ते म्हणतील ती वेळ. आणि ज्यांच्या घरात जुनी पगारपुस्तकं, पाळीचे बिल्ले, खात्यातले सामूहिक फोटो असतील त्यांनी टाकून देऊ नका. इथे फोटो चढवा, मूळ वस्तू तुमच्याकडेच ठेवा. मागे कोण कोण उभं आहे त्यांची नावं माहीत असतील तर ती फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहा, शाई उतरते.

पारोळा नाका

माझ्या मामांकडे बिल्ला आहे. रविवारी जातोय, फोटो टाकतो.